जिनातली सुट्टी

"लिवा बाई, मन भरून लिवा. फक्त माहं नाव कागदावर आणू नोका."

मिस्त्री हे म्हणाला तेव्हा तो पालथ्या डब्यावर बसून एका रोलरचं झिजलेलं चामडं रापीने सोलत होता. विमल समोर उभी राहून पदराने वारा घेत होती. ती हसली.

"मिस्त्री, चांगली माणसं अशीच लाजतात. म्हणून तर पेपरात नुसती चोरांची नावं येतात."

"लाज नाई बाई. नाव कागदावर गेलं का मंग ते आपल्या हातात राह्यत नाई. कोनीबी वाचते."

"वाचावं म्हणूनच तर लिहायचं ना?"

त्यावर मिस्त्री काही बोलला नाही. रापी पुन्हा चालू झाली. विमलने त्या गप्प बसण्याचा अर्थ 'बरं' असा लावला. बी.ए.ला तिचा तर्कशास्त्र हा विषय होता. गप्प बसलेला माणूस कबूल झालेला असतो, हे तिला तिथे कुणी शिकवलं नव्हतं. ते तिने आपलं आपणच ठरवून टाकलं.

ही एकसष्ट सालच्या मे महिन्यातली गोष्ट. विमलचे यजमान सदाशिवराव यवतमाळात बांधकाम खात्यात कारकून होते. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. दहा वाजले की पत्रा कडकडायला लागे आणि बारानंतर भिंतीला पाठ टेकवत नसे. नंदा नऊ वर्षांची, दिनू सहाचा. शाळा सुटून पंधरा दिवस झाले होते आणि तेवढ्यात दोघांनी एक आरसा, दोन कपबश्या आणि आईच्या डोक्याची शीर, एवढं फोडून ठेवलं होतं. विमल मुळातच धास्तावलेली बाई. ऊन बाधेल म्हणून पोरांच्या खिशात कांदा, विहिरीकडे जातील म्हणून दाराला कडी. शेजारच्या ओव्हरसियरची मुलं चिखलदऱ्याला गेली होती. यांना अमरावतीला आजोळी पाठवावं, तर तिथे यंदा धाकट्या मावशीचं बाळंतपण.

मग तिने एक वही केली. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सुट्टीत मुलांसाठी : बिनखर्चाचं'. ती वही पुढे बरीच वर्षं तिच्या ट्रंकेत होती. पहिल्या पानावर वाचनालय, आणि त्यापुढे शेरा : 'मुलांच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे, ते लग्नाला गेलेत. जूनमध्ये येतील.' त्याखाली बाग : 'सावली एकाच झाडाला. तिथे पत्त्यांचा डाव.' मग अधिकाऱ्यांच्या क्लबातला उन्हाळी वर्ग, चित्रकला आणि पोहणं : 'फी विचारली. परत आले.' मग देवळातला संस्कारवर्ग : 'दिनू झोपला. नंदाला बायांनी वाती वळायला बसवलं.' पाचव्या ओळीवर नुसताच आकडा घातलेला होता.

ती ओळ रुपीबाईने भरली.

रुपीबाई आर्णी रस्त्यावरच्या तांड्यातली. हंगामात जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायची आणि उन्हाळ्यात टोपलीभर टेंभरं, रानातली गोड फळं, घेऊन दारोदार हिंडायची. तिच्या ओढणीचे आरसे गल्लीच्या तोंडाशी चमकले की पोरं कडी वाजवायला लागत.

"कायले कोंडून राह्यली व माय लेकराइले?"

"बाहेर ऊन किती आहे!"

"मंग जिनात धाड ना. माठावानी थंड हाये. माहे दोनी पोट्टे तिथंच राह्यते दिवसभर. मिस्त्री काई म्हनत नाई."

"जिनात? यंत्रं असतात तिथे!"

"यंत्र झोपलेत आता. दसऱ्याच्या पुढं उठतीन तवा उठतीन."

विमल एकदम कुठेही पोरं पाठवणारी नव्हती. आधी स्वतः जाऊन तिने तीन दुपारी पाहून घेतलं. फाटकावर उकंडा नावाचा रखवालदार बसे. आत जाणाऱ्या प्रत्येकाचे खिसे तो चाचपत असे, आगपेटी, विडी काही आहे का म्हणून. कापसाच्या जागी ठिणगी म्हणजे काळ. विमलच्या हातातली पिशवीसुद्धा त्याने उलटी करून पाहिली, आणि त्या एका गोष्टीने तिचा अर्धा जीव भांड्यात पडला. आत हातभर जाडीच्या भिंती, उंच छत, सरकीचा आणि तेलाचा मंद वास. हंगामात धडधडणारी चाळीस यंत्रं ओळीने उभी होती, त्यांचे पट्टे उतरवून ठेवलेले. आणि मधे मिस्त्री, साठीच्या घरातला, डोक्याला मळकी टोपी, सभोवती पाच-सहा पोरं.

त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती.

पोरं शेडच्या उंबऱ्याशी आली की तो मान वर न करता ओरडे, "हात मागं!" आणि सगळी पोरं दोन्ही हात पाठीमागे बांधून, एकामागे एक, जेलरापुढून जावं तशी यंत्रांच्या ओळीतून चालत त्याच्यापर्यंत येत. तिथे पोचली की हात मोकळे. यंत्र बंद असो की चालू, जवळून जाताना हात मागं. ही त्याची एकच शिस्त.

चौथ्या दिवशी विमलने नंदा-दिनूला नेलं. दिनूने पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "मिस्त्रीबाबा, तुमची दोन बोटं कुठं गेली?"

विमलने कपाळाला हात लावला. मिस्त्री मात्र खुशीत आला.

"पट्ट्यानं नेली बेटा. कापसासंगं गाठीत गेली. गाठ मुंबईले गेली, तिथून जहाजात बसून विलायतेले. म्या कई विलायत पाह्यली नाई, पन माह्या बोटाइनं पाह्यली."

"मग तुम्हाला दहा कसे मोजता येतात?"

"आठच मोजतो. अन् दोन उधार धरतो."

पुढचा महिना विमलला तिच्या लग्नानंतरचा सगळ्यात निवांत महिना वाटला. पोरं जेवून जात ती पाचला परत येत, हात काळे, डोळे टवटवीत. मिस्त्रीने त्यांना खेळ म्हणून दिलं ते कामच होतं. गंजलेले बोल्ट मापाप्रमाणे आठ डब्यांत लावायचे. नटाचा आटा डावा की उजवा हे डोळे मिटून सांगायचं. मग त्याने मोडक्या फळ्यांतून एक छोटी चरखी करायला घेतली. दोन दांडके एकमेकांवर फिरणारे, मधे कापूस धरला की रुई पलीकडे आणि सरकी अलीकडे पडावी अशी. रुपीबाईचा पोरगा दांडके घासायचा, दिनू तेल द्यायचा, नंदा किती बोंडांत किती सरक्या निघतात ते लिहायची. घरी दिनू चुलीजवळून जाताना आपोआप हात मागे बांधायला लागला तेव्हा विमल त्याच्याकडे बघतच राहिली. महिनाभर ओरडून तिला जे जमलं नव्हतं ते आठ बोटांच्या माणसाने दोन शब्दांत केलं होतं.

तिने लिहायचं ठरवलं. तिच्या वाचनात नागपूरचं एक साप्ताहिक होतं, त्यात बायकांसाठी एक पान असे. 'बिनखर्चाची सुट्टी' असं नाव देऊन तिने वहीतल्या चार फसलेल्या जागांची गंमत लिहिली आणि पाचवीवर मन ओतलं. जिनाचं नाव, मिस्त्रीचं नाव, त्याची बोटं, सारं. 'उरलेल्या रुईच्या ढिगावर मुले मनसोक्त लोळतात,' असंही एक वाक्य लिहिलं. खरं तर पोरं एकदाच लोळली होती आणि मिस्त्रीने त्यांना हाकललं होतं. पण वाक्य छान झालं होतं. शेवटी लिहिलं, 'असा देवमाणूस आपल्या गावात आहे आणि आपल्याला ठाऊक नाही!'

लेख छापून आला. खाली 'सौ. विमल, बी.ए., यवतमाळ'. सदाशिवरावांनी सहा अंक विकत घेतले, ऑफिसात वाटले. अमरावतीहून वडलांचं कार्ड आलं, की लेख शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचून दाखवला, शिकवल्याचं सार्थक झालं. संपादकांनी आणखी एक लेख मागितला.

एक अंक घेऊन विमल स्वतः जिनाच्या मॅनेजरकडे गेली. आपल्याकडे काय माणूस आहे हे त्यांना कळावं, जमलं तर त्याचं काही भलं व्हावं, एवढाच तिचा हेतू. मॅनेजर सज्जन. त्यांनी वाळ्याचं सरबत मागवलं, चष्मा लावला आणि तिच्यासमोरच लेख वाचला. वाचताना त्यांनी लाल पेन्सिलीने तीन-चार ठिकाणी रेघ ओढली. आवडलेल्या वाक्यांखाली ओढतायत असं तिला वाटलं.

"छान लिहिता, वहिनी," ते म्हणाले. "हा अंक ठेवून घेऊ?"

"तुमच्यासाठीच आणलाय," विमल म्हणाली.

आठ दिवसांनी पोरं दुपारी अर्ध्या तासात परत आली. उकंडाने फाटकातूनच वळवली होती. मागोमाग रुपीबाई आली. टोपली नव्हती. दारात बसली नाही, उभीच राहिली.

"मिस्त्रीले काढलं."

"काय?"

"काढलं म्हंतो ना. खोली बी खाली करा म्हने. सत्ताईस साल झाले त्याले. काहून काढलं तं म्हने पेपरात आलं. तू काय लिवलं व बाई?"

विमल तशीच चपला घालून निघाली. मॅनेजरांनी या वेळीही सरबत मागवलं. ते समोर तसंच राहिलं.

"वहिनी, विम्याचा कागद दर जूनला नवा होतो. बाहेरचं माणूस आत नको, पोर तर नकोच, ही त्यातली पहिली अट. अंक मी नागपूरला शेठकडे पाठवला."

"तुम्ही पाठवला?"

"मी नसता पाठवला तर दुसऱ्या कुणी पाठवला असता, आणि मग मीही घरी बसलो असतो. चार वर्षं झाली, पोरं येतात ते मला दिसत नव्हतं? मी डोळे झाकून होतो. दिसलेल्या गोष्टीवर डोळे झाकता येतात वहिनी, छापलेल्या गोष्टीवर कसे झाकू?"

विमलला रडू आलं. मॅनेजर आवाज खाली आणून म्हणाले, "एक करता येईल. तुम्ही लिहून द्या, की हे सारं कल्पनेतलं आहे, मुलं कधी आत आलीच नाहीत. शेठ कागदाला कागद लावून बघणारे आहेत. मी आजच्या टपालाने पाठवतो. पण लवकर."

"उद्या देते," विमल म्हणाली.

परत येताना ती जिनामागच्या चाळीत मिस्त्रीच्या खोलीवर गेली. चाची, म्हणजे त्याची बायको, डेगच्या-भांडी एका पोत्यात भरत होती. तिने विमलकडे पाहिलं आणि पुन्हा डेगच्यांकडे. मिस्त्री मात्र उठला, सुतळीची खाट झटकून पुढे ओढली.

"बसा बाई. उकंडाच्या पोरीनं वाचून दाखवलं. बेस लिवलं तुम्ही. 'देवमानूस' लिवलं."

"मिस्त्री, मी..."

"आता देवमानसाले कोन कामावर ठेवीन? देवाले पगार असते काय?" तो हसला. "अन् येक सांगू? माहं नाव तुम्ही बराबर छापलं. इथल्या रजिष्टरात सत्ताईस साल चुकीचंच होतं. म्या म्हटलं, चला, येकदा तरी बराबर आलं."

"तुम्ही मला नको म्हणाला होता."

"म्हनलो होतो," मिस्त्री म्हणाला. एवढंच. पुढचं काही त्याने तिला ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं असं तिला पुढे नेहमी वाटत आलं.

"मी लिहून देते आहे. उद्याच. तुम्हाला परत घेतील. दोन दिवस कुठे जाऊ नका."

चाचीने मान वर केली. "सच्ची?"

"खरंच," विमल म्हणाली.

संध्याकाळी सदाशिवराव सगळं ऐकून घेत पंख्याने वारा घालत बसले. मग म्हणाले, "म्हणजे तू सही करून देणार, की मी खोटं छापलं?"

"त्याचं घर जातंय हो."

"कळते मले. पण तो कागद नागपूरले जाईल, तिथून कुठं जाईल काय सांगता? ऑफिसात सहा अंक मीच वाटले. उद्या साहेब म्हणतील, कारकुनाची बायको पेपरात थापा मारते अन् मग माफी लिहून देते. अन् तुझे बाबा? त्याइले काय सांगशील?"

"मग मिस्त्रीचं काय?"

"अगं, हातात हुन्नर आहे त्याच्या. असा माणूस उपाशी राह्यते काय? दारव्हा, आर्णी, कुठंही ठेवून घेतील."

ते वाक्य सदाशिवराव सहज बोलून गेले. विमलने ते घट्ट धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन बसली. 'सदर लेखातील मजकूर खोटा असून' इथपर्यंत लिहिलं आणि 'खोटा' या शब्दावर अडली. खोडून 'काल्पनिक' केलं. मग 'काहीसा काल्पनिक'. मग दुसऱ्या कागदावर, 'लेखनाच्या ओघात थोडी अतिशयोक्ती झाली असून'. वाचून पाहिलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. पोरं आत आली होती की नव्हती? तिने कागद फाडला. तिसऱ्या दिवशी दिनूला ताप भरला, तो दिवस तसाच गेला. खरं सांगायचं तर ताप शंभराच्या वर गेला नव्हता. कपाटाच्या वरच्या खणात वडलांचं कार्ड होतं आणि त्याच्या खाली संपादकांचं पत्र. फाडलेल्या प्रत्येक कागदानंतर ती ते दोन्ही काढून वाचत होती, हे तिने सदाशिवरावांनाही कधी सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी तिने एका दमात लिहिलं : 'मी लिहिले ते सर्व खोटे आहे. माझी मुले कारखान्यात कधीही गेली नाहीत.' खाली सही केली. बी.ए. लिहिलं नाही. भर दुपारी बाराला, डोक्यावर पदर घेऊन, जवळजवळ धावत ती जिनावर गेली.

मॅनेजरांनी कागद वाचला, घडी घातली आणि तिच्या हातात परत दिला.

"शेठचं पत्र काल आलं, वहिनी, अजून का राहू दिलं म्हणून. सकाळीच खोली रिकामी झाली. तुमच्या कागदासाठी परवापर्यंत मी नागपूरचं टपाल थांबवून धरलं होतं."

"कुठे गेले?"

"बैलगाडी केली होती. कुठली ते मी विचारलं नाही."

फाटकावर उकंडा उठून उभा राहिला नाही. एरवी राहायचा.

त्याच संध्याकाळी रुपीबाई आली. ओढणीखालून तिने काहीतरी काढलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. चरखी होती. दोन्ही दांडके बसवलेले, तेल दिलेलं. फिरवायची मूठ तेवढी नव्हती.

"पोराइची हाये, पोराइले दे म्हनला. मूठ करून देनार होता, टाईम नाई भेटला." मग विमलकडे पाहत ती म्हणाली, "चाची तीन दिवस डेगच्या भरे अन् काढे. भरे अन् काढे. बाई कागद घेऊन येऊन राह्यली म्हने. तुले लय कागद लिवता येते ना? येक नाई लिवता आला?"

विमलने चरखी उचलून घेतली. रुपीबाई वळली.

"माहे पोट्टे आता तांड्याच्या विहिरीवर राह्यते दिवसभर," ती जाता जाता म्हणाली. "कठडा नाई तिले."

त्यानंतर ती टेंभरं घेऊन त्या गल्लीत आली नाही.

पुढे सदाशिवरावांची दारव्ह्याला बदली झाली. आठवडी बाजाराला निघाली की विमल वाट वाकडी करून जिनाच्या फाटकाशी थांबे. "इथे कुणी आठ बोटांचे मिस्त्री आहेत का हो?" लोक तिच्याकडे विचित्र नजरेने बघत. कुणी म्हणे आर्णीला पिठाच्या गिरणीत आहे. ती एस.टी.ने आर्णीला गेली. तिथे होता तो तरुण होता, आणि त्याला सगळी बोटं होती. कुणी म्हणे फुलसावंगीकडे इंजिनं दुरुस्त करत हिंडतो. सदाशिवरावांनी एकदा विचारलं, भेटला तर काय सांगणार आहेस? ती म्हणाली, "काही नाही. चाची कशी आहे विचारेन."

तिने पुन्हा लेख लिहिला नाही. संपादकांना दोनदा नाही कळवलं, मग त्यांनी विचारायचं सोडलं. दरवर्षी सुट्ट्या येत, नंदा-दिनू वाढत गेली, त्यांना सुट्टीत काही द्यायची गरज राहिली नाही. चरखी मात्र दर बदलीत बरोबर आली. ती कोनाड्यात असते, मुठीशिवाय. दिनू एकदा सुताराकडून मूठ बसवून आणतो म्हणाला, तेव्हा विमल त्याच्यावर एवढी ओरडली की तो घाबरला.

तर तिचं एक मागणं आहे, आणि ते तुमच्याकडे आहे. तुमच्या गावात जीन असेल, तेलघाणी असेल, पिठाची गिरणी असेल. तिथे उजव्या हाताला तीनच बोटं असलेला म्हातारा दिसला, आणि पोरं जवळ आली की मान वर न करता ओरडला, तर जरा थांबा. राहायला खोली आहे का, चाचीला दिसतं-बिसतं का, दुपारचं जेवण झालं का, एवढं बघून या. इथे रखवालदाराचंसुद्धा नाव आलं, त्याचं आलेलं नाही. तुम्हीही ते विचारू नका आणि कुठे लिहून घेऊ नका. जवळ जाल तेव्हा हात मागं ठेवा.